कराटे सुरू करताय? ड्रेसच्या आधी हे वाचा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आठवड्याभरात आमच्या क्लासच्या दारात हे ठरलेलं दृश्य दिसतं. आईवडील मुलाला घेऊन येतात, हातात नवी पिशवी. पिशवीत काळ्या कॉलरचा, डोक्यातून घालायचा पांढरा ड्रेस आणि फुगीर बॉक्सिंग ग्लव्ह्ज. दुकानदाराने ‘कराटेचा सेट’ म्हणून दिलेला असतो. ड्रेस असतो तायक्वांदोचा, ग्लव्ह्ज बॉक्सिंगचे. मूल आनंदाने उड्या मारत असतं आणि मला सांगावं लागतं की बिल असेल तर दोन्ही परत करा.

म्हणून पहिली विनंती : पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. ट्रॅकपँट, टी-शर्ट, पाण्याची बाटली आणि कापलेली नखं, एवढ्यावर पहिला महिना आरामात निघतो. नखं हातांची आणि पायांचीही. मूल टिकणार का, तुम्ही स्वतः टिकणार का, हे त्या महिन्यात कळतं.

मी १९९१ साली चिपळूणला शिकायला लागले, तेव्हा सहावीत होते. शाळेच्या सभागृहात शहाबादी फरशीवर क्लास भरायचा. गावात कराटेचा ड्रेस मिळत नसे. सरांनी कागदावर आकृती काढून दिली आणि आई मांजरपाट घेऊन शिंप्याकडे गेली. शिंपी चांगला कारागीर होता, पण त्याने लेंगा शिवतात तशी पँट शिवली. पहिल्याच आठवड्यात माए गेरी, म्हणजे समोरची किक मारायला पाय उचलला आणि आसनात टर्रकन फाटलं. कराटेच्या पँटला दोन पायांच्या मधे एक जास्तीचा तुकडा जोडलेला असतो. त्याच्यामुळे पाय मोकळा वर जातो. आईने रात्री जुन्या चादरीचा तुकडा लावून दिला आणि तीच पँट मी दोन वर्षं वापरली. आजही ड्रेस हातात आला की मी आधी पँट उलटी करून तो तुकडा बघते. त्याची शिवण दुहेरी नसेल तर ड्रेस परत.

या ड्रेसकडे लोक फार धाकाने बघतात, म्हणून त्याचं मूळ सांगते. ओकिनावा बेटावर कराटे रोजच्या कपड्यांत, नाहीतर कमीत कमी कपड्यांत शिकत. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या कोदोकान या ज्युदोच्या शाळेत त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे कराटेने ज्युदोचाच ड्रेस घेतला, फक्त कापड हलकं केलं, कारण कराटेत कुणी कॉलर धरून फेकत नाही. पट्ट्यांची पद्धतही ज्युदोकडूनच आली. तेव्हा ‘पट्टा धुतला तर विद्या जाते’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. घामाने भिजलेला पट्टा धुवायचाच असतो.

कापडाचं वजन औंसात मोजतात. आठ औंसाचा सुती-पॉलिएस्टर मिश्र ड्रेस नवख्याला पुरेसा आहे, तो साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. बारा-चौदा औंसाचं जाड सुती कापड काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम करणाऱ्यांसाठी. ठोसा मारून थांबलं की बाहीचा ‘फट्‌’ असा आवाज येतो, तो त्या जाडीचा. आवाज ऐकून मुलांना तोच हवा असतो. पण जपानी बनावटीचा असा ड्रेस दहा-पंधरा हजारांच्या पुढे जातो, आणि आपल्याकडे अजून एक अडचण आहे : पाऊस. कोकणात जुलैत चौदा औंसाचा ड्रेस दोन दिवस दोरीवर टांगला तरी काखेत ओला राहतो, मग त्यावर काळे ठिपके उठतात आणि ते शेवटपर्यंत जात नाहीत. माझा पहिला जाड ड्रेस असाच गेला. पावसाळी गावात राहत असाल तर एका भारी ड्रेसपेक्षा दोन हलके घ्या. ओला ड्रेस पुन्हा घातला की गजकर्ण होतं आणि ते एकाचं अख्ख्या वर्गाला होतं.

माप उंचीवर असतं. दीडशे, एकशे साठ, एकशे सत्तर सेंटिमीटर. निव्वळ सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून थोडं मोठं चालतं. पण ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून दोन मापं मोठं घेतलं की मूल स्वतःच्याच पँटीत पाय अडकून पडतं. पँट घोट्याच्या वर थांबायला हवी.

आता कुमितेबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष लढतीच्या सरावाबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथलीच चूक मला सर्वांत जास्त बोचते.

१९९६ मध्ये मी अकरावीत होते. एका गावच्या स्पर्धेसाठी आमचा सराव चालला होता, उघड्या मुठींनी. ग्लव्ह्ज वर्गात एकच जोडी होती आणि ती मोठ्या मुलांकडे असायची. माझी जोडीदार माझी जवळची मैत्रीण. तिने पुढे यायला आणि मी ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा सोडायला एकच गाठ पडली. मी ठोसा थांबवला असं मला वाटलं होतं. तो थांबला नव्हता. तिने तोंडावर हात धरला, आणि बोटांमधून आधी रक्त आलं, मग फरशीवर बारीक ‘टिक्‌’ असा आवाज झाला. तो तिच्या वरच्या दाताचा तुकडा होता. तो मी उचलून रुमालात बांधला. का, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या मुठीला साधं खरचटलंही नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला हेच सांगते की ग्लव्ह्ज तुमच्या मुठीसाठी नसतात, समोरच्याच्या तोंडासाठी असतात. शिनगार्ड तुमच्या नडगीइतकेच त्याच्या बरगडीसाठी असतात. साधन निवडताना ‘मला किती लागेल’ एवढंच विचारलं की निवड चुकते. त्याच्या जोडीला ‘माझ्यामुळे समोरच्याला किती लागेल’ हेही विचारायचं.

खरेदीचा माझा क्रम असा. सर्वांत आधी माउथगार्ड. पैशाने सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वाचवणारी वस्तू हीच. उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, किंचित निवू देऊन, दातांवर बसवून घट्ट चावायचं आणि जिभेने आतून दाबायचं. तोंड उघडल्यावर ते आपोआप खाली पडत असेल तर नीट बसलेलं नाही, पुन्हा गरम करा. दातांना तारा असतील तर हा प्रयोग घरी करू नका, दंतवैद्याकडून माप देऊन करून घ्या.

मग ग्लव्ह्ज. कराटेचे ग्लव्ह्ज पातळ असतात, बॉक्सिंगसारखे फुगीर नसतात. हातात घालून मूठ आवळा. मूठ पूर्ण बंद झाली पाहिजे आणि पहिल्या दोन बोटांची हाडं फोमखाली झाकली गेली पाहिजेत. इथे ‘वाढत्या अंगाचं’ अजिबात चालत नाही. सैल ग्लव्ह्जमध्ये अंगठा बाहेर राहतो आणि तोच मोडतो. त्यानंतर पायाचा पंजा झाकणारे शिनगार्ड, मग अंगावरचं चेस्टगार्ड. स्पर्धेत एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा असतो, त्यामुळे मोठ्या स्पर्धेला दोन्ही रंगांची जोडी लागते आणि त्यावर जागतिक महासंघाच्या मान्यतेचा शिक्का लागतो. पण ते स्पर्धेचं नक्की झाल्यावर बघायचं. तोवर बिनशिक्क्याची, पण चांगल्या फोमची वस्तू चालते. अंगठ्याने दाबून सोडा. फोम लगेच वर आला पाहिजे.

साधनं आली म्हणून ताबा सुटला तर उपयोग नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदाच खेळलं गेलं. ७ ऑगस्ट २०२१ ला पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत झाली. त्याच दिवशी नीरज चोप्राने सुवर्ण मिळवलं, त्यामुळे आपल्याकडे ती फारशी कुणी पाहिली नाही. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद केलं आणि सुवर्ण गंजजादेहला मिळालं. त्यावर जगभर वाद झाला. माझ्या वर्गातली मुलंही चिडली होती, ‘बॉक्सिंगमध्ये हा नॉकआउट झाला असता’ म्हणाली. खरंच आहे, पण हे बॉक्सिंग नाही. स्पर्धेच्या कुमितेत वार पोहोचवायचा आणि ताब्यात ठेवायचा. ती लढत मी दर वर्षी नव्या बॅचला दाखवते आणि त्यावर पूर्ण तास बोलते.

साधनांनी खेळ कसा बदलतो, हे बघायचं असेल तर शेजारच्या तायक्वांदोकडे पाहा. तिथे चेस्टगार्डमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून ते ऑलिंपिकमध्येही आहेत. मग पुढचाच पाय हवेत उचलून धरून टेकवत राहायचं, अशी लढण्याची नवी रीत आली. जुने खेळाडू हळहळतात. मला मात्र दुखापती कमी होणं ही मोठी गोष्ट वाटते.

आमच्या काळच्या सरावाबद्दल लोक अभिमानाने बोलतात. मे महिन्यात दोन तास पाणी नाही, फरशीवर मुठींवर जोर, चूक झाली की मांडीवर बांबूची छडी. खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून आम्ही मकिवारा केला होता. त्यावर मुठी आपटून माझ्या बोटांच्या हाडांवर गाठी आल्या, आणि त्या मी मैत्रिणींना मिरवून दाखवायचे. आता थंडीत ती बोटं सकाळी आखडतात. पाणी न पिण्याने मन कणखर होत नाही, चक्कर येते. वाढत्या वयातल्या मुलांच्या मुठी कठीण वस्तूवर आपटवून घेणारा वर्ग दिसला तर तिथे नाव घालू नका. मग त्या सरांच्या भिंतीवर कितीही ढाली असोत.

एक गोष्ट मात्र मला जुनीच हवी आहे. आम्ही एक किहोन, म्हणजे एक मूळ हालचाल महिनोन्‌महिने करत होतो. पांढऱ्यावरून पिवळ्या पट्ट्याला मला दहा महिने लागले. आता तीन-तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी, आणि दोन-अडीच वर्षांत काळा पट्टा बांधलेलं नऊ वर्षांचं मूल. त्या मुलाचा काही दोष नाही. पण ते ज्या दिवशी दुसऱ्या गावातल्या लाल-निळ्या ग्लव्ह्जसमोर उभं राहतं, त्या दिवशी त्याची घोर निराशा होते, आणि बरेचदा ते कराटे सोडतं. क्लास निवडताना विचारा : मागच्या वर्षी परीक्षेत किती जण थांबवले गेले? ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा.

दहावी-बारावीचे ग्रेस गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, यांमुळे आपल्याकडे प्रमाणपत्रांचा बाजारही वाढला. ‘राष्ट्रीय’ नावाची स्पर्धा आणि खरोखर मान्यता असलेली स्पर्धा यांत फरक असतो. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. तिथे फुकट सांगतात.

मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. जॅकेटच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालायचा असतो, स्पर्धेतही तो चालतो. चांगली स्पोर्ट्स ब्रा चेस्टगार्डच्या आधी घ्या. पांढऱ्या पँटीची भीती पाळीत प्रत्येकीला असते. आत गडद रंगाची घट्ट शॉर्ट्स घाला, आणि तरी नको वाटलं तर काळी ट्रॅकपँट घालून या. मी पाचेक वर्षं दर महिन्याला दोन-तीन दिवस ‘पोट दुखतंय’ सांगून घरी बसत होते. माझ्या वर्गात आता काळ्या पँटीबद्दल कुणी विचारत नाही. तुमच्या सरांना हे चालत नसेल तर आईने जाऊन स्पष्ट बोलावं.

सराव झाल्यावर ग्लव्ह्ज आणि शिनगार्ड बॅगेत कोंबून ठेवू नका. घरी जाऊन ओल्या फडक्याने पुसायचे आणि सावलीत, वाऱ्यावर टांगायचे. कडक उन्हात वरचं रेक्झिन तडकतं.

आणि बाजारात जाण्याआधी क्लासमध्येच एकदा विचारा. आमच्याकडे कोपऱ्यात एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. मुलं उंच झाली की पालक आखूड झालेले ड्रेस धुऊन, इस्त्री करून त्यात आणून ठेवतात, बरे असलेले शिनगार्डही. नव्या मुलाने त्यातून आपल्या मापाचं उचलायचं. मागच्या जूनमध्ये आलेल्या अकरा मुलांपैकी सात जणांचा पहिला ड्रेस त्या ट्रंकेतला होता. माउथगार्ड तेवढं त्यात नसतं, ते प्रत्येकाचं स्वतःचं.