वेबसाइटवर नोंदणी आणि पेमेंट टाकताय? आधी या चुका टाळा

माझ्या ताईचं नाशिकला मुलांचं उन्हाळी शिबिर असतं, मातीकाम, वारली चित्रं, थोडं नाटक, दहा दिवस, ४० मुलं आणि फी २८०० रुपये. आधी सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं, पालक क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवायचे, स्क्रीनशॉट टाकायचे आणि ताई रात्री जेवणं उरकली की वही घेऊन बसायची, कोणाचे आले कोणाचे राहिले. मग वेबसाइटवरच नोंदणी आणि पेमेंट घ्यायचं ठरलं. ते काम मी केलं, त्यानंतर ओळखीतल्या एका ट्रेक ग्रुपचं केलं, एका योगा क्लासचं केलं, केक शिकवणाऱ्या एका वहिनींचंही केलं. धंदे वेगळे पण चुका जवळपास सगळीकडे त्याच होत्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

फॉर्म एकीकडे आणि पैसे दुसरीकडे

मूळ चूक ही आहे, बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. गूगल फॉर्मची लिंक टाकायची, खाली क्यूआरचा फोटो लावायचा आणि झालं ऑनलाइन असं समजायचं. पहिल्या दहा नोंदणींपर्यंत काही वाटत नाही. पण फॉर्मवर नातीचं नाव असतं, पैसे आजोबांच्या खात्यातून येतात आणि बँकेच्या मेसेजमध्ये आजोबांच्या किराणा दुकानाचं नाव दिसतं. सगळ्यांची रक्कम तीच, २८००. आता कोणते २८०० कोणाचे?

यावर उपाय एकच, फॉर्म भरला की पैसे घ्यायच्या आधीच एक नोंदणी क्रमांक तयार झाला पाहिजे आणि पुढे पैसे त्या क्रमांकाला चिकटूनच आले पाहिजेत. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, कोणताही गेटवे, म्हणजे साइटवर लोकांचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी, घेतलात तरी ऑर्डर बनवताना आपला स्वतःचा क्रमांक सोबत पाठवायची सोय असते, ती वापरा. गेटवे नकोच असेल, अगदी १०-१५ लोकांचाच क्लास असेल, तर निदान रक्कम आणि नोंदणी क्रमांक आधीच भरलेला क्यूआर प्रत्येकाला वेगळा दाखवा, यूपीआयच्या लिंकमध्ये ते दोन्ही घालता येतं.

आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. खोटा स्क्रीनशॉट बनवायला आता काहीच लागत नाही. यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर घ्या आणि तो आपल्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये आहे का ते बघा, तो तिथे दिसेपर्यंत जागा पक्की म्हणू नका.

पैसे कापले गेले पण पेज परत आलंच नाही

हे नीट वाचा, कारण लोकांना खरा त्रास इथे होतो.

पालक फोनवरून फॉर्म भरतात, पे वर टॅप करतात, यूपीआयचं ॲप उघडतं, पिन टाकतात, पैसे जातात. इथपर्यंत ठीक. आता आपली साइट वाट बघत असते की हे ॲपमधून परत ब्राउझरमध्ये येतील आणि मग आपण नोंदणी पक्की करू. पण तेवढ्यात फोन येतो, किंवा फोन जुना असतो आणि ब्राउझर मागच्या मागे बंद होतो, किंवा माणसाला वाटतं पैसे गेले म्हणजे काम झालं आणि तो फोन खिशात टाकतो. परत कोणी आलंच नाही तर आपल्याकडे नोंद पेंडिंगच राहते, ना मेसेज जातो ना पावती.

पहिल्याच वर्षी एका आईच्या बाबतीत असं झालं. तिने पैसे भरले, समोर काहीच दिसलं नाही म्हणून पुन्हा भरले. खात्यातून ५६०० गेले आणि हातात काहीच नाही. रात्री ११ वाजता तिने ताईला फोन केला, महिनाअखेर होती, घरात पुढच्या दोन दिवसांचं काय करायचं इथपर्यंत ती बोलत होती. गेटवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे त्यांच्या साइटवरच्या आपल्या खात्याच्या पानावर, दोन्ही पेमेंट यशस्वी दिसत होती. आपली साइट गप्प होती म्हणून एका घराला रात्रभर झोप नाही, हे मला अजून आठवतं आणि तेव्हापासून मी वेबहुक चालू केल्याशिवाय एकही साइट सुरू करत नाही.

वेबहुक म्हणजे माणूस परत येवो न येवो, पैसे मिळाले की गेटवे स्वतःच आपल्या सर्व्हरला कळवतो. नोंदणी पक्की करायची ती या निरोपावरून, धन्यवाद पेज उघडलं म्हणून नाही. धन्यवाद पेजचा पत्ता तर कोणीही ब्राउझरमध्ये थेट टाइप करू शकतो, पैसे न भरता! वेबहुक लावताना तीन गोष्टी बघा. निरोपासोबत सही येते, म्हणजे तो गेटवेनेच पाठवलाय हे सिद्ध करणारा कोड, ती तपासा, नाहीतर कोणीही खोटा निरोप पाठवेल. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून आधीच पक्की झालेली नोंद परत पक्की करून दुसरी पावती पाठवू नका. आणि निरोप आलाच नाही, आपला सर्व्हर नेमका बंद होता, तर १५-२० मिनिटांपेक्षा जास्त पेंडिंग असलेल्या नोंदींबद्दल गेटवेला आपणहून विचारणारं एक छोटं काम मागे चालू ठेवा.

अजून एक सापळा आहे, काही गेटवेंमध्ये पैसे आधी ऑथराइज होतात, म्हणजे नुसते राखून ठेवले जातात, आणि मग कॅप्चर करावे लागतात, म्हणजे आपल्याकडे ओढून घ्यावे लागतात. ऑटो कॅप्चर चालू नसेल तर पैसे कापलेले दिसतात, आपण खूश असतो आणि काही दिवसांनी ते आपोआप परत जातात. सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या.

स्क्रीनवरच्या शब्दांकडेही लक्ष द्या. उत्तर अजून आलं नसेल तर "ट्रान्झॅक्शन फेल्ड" लिहू नका, लोक लगेच दुसऱ्यांदा भरतात. ताईच्या साइटवर आता असं लिहिलंय: "तुमच्या पेमेंटची खात्री करतोय, कृपया पुन्हा पैसे भरू नका, २० मिनिटांत मेसेज आला नाही तर या नंबरवर फोन करा." तरीही दोनदा आले तर त्यांनी मागायची वाट बघू नका, त्याच दिवशी जास्तीचे परत करा.

कोणी विचारलं की माझे पैसे अडकले, तर आधी डॅशबोर्ड बघा. तिथे यशस्वी असेल तर पैसे तुमच्याकडे आलेत, जबाबदारी तुमची. तिथे फेल असेल आणि खात्यातून कापले असतील तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे, दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये खात्यातून कापले पण दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे लोकांना शांतपणे सांगा, ऐकून माणसाला धीर येतो.

टेस्टमध्ये चाललं, लाइव्हवर नाही

गेटवे साइटला जोडायला एक की, म्हणजे गुप्त कोड, देतो, चाचणीसाठी वेगळी आणि खऱ्या पैशांसाठी (लाइव्ह) वेगळी, त्यातली टेस्ट मोडची की तशीच राहणं ही अगदी नेहमीची गोष्ट. पेमेंट यशस्वी दिसतं, पावतीही जाते, पण पैसे कोणाचेच कापलेले नसतात, आणि हे दोन दिवसांनी कळतं. वेबहुकही लाइव्हसाठी वेगळा टाकावा लागतो, टेस्टमधला आपोआप येत नाही.

रेझरपेसारख्या गेटवेंना रक्कम पैशांत द्यायची असते, म्हणजे २८०० रुपयांसाठी २८००००. शंभराने गुणायचं विसरलात तर पालकांना २८ रुपये भरा असं दिसतं, आणि ते भरतातही! आणि रक्कम कधीही ब्राउझरकडून घेऊ नका, ती सर्व्हरवरच ठरवा. पेजमधला आकडा बदलून १ रुपया करणं थोडी माहिती असलेल्या मुलालाही जमतं.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरून लिंक उघडली की साइट त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथून यूपीआयचं ॲप बऱ्याचदा उघडतच नाही, बटण दाबून माणूस कंटाळतो. ट्रेक ग्रुपची सगळी जाहिरात इन्स्टावर, त्यामुळे त्यांच्याकडे ही तक्रार सतत असायची. "पेमेंट होत नसेल तर ही लिंक क्रोममध्ये उघडा" एवढी एक ओळ बटणाच्या वर टाकली आणि फोन कमी झाले.

साइट वर्डप्रेसवर असेल तर चेकआउटचं, म्हणजे पैसे भरायचं पेज कॅशमधून (cache, पेज लवकर उघडावं म्हणून साठवलेली प्रत) वगळा, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसायची भीती असते.

फॉर्म लांबलचक

लोक गरज नसलेलं इतकं विचारतात. शिबिराला आधार कार्डाचा फोटो कशाला? मुलाचं नाव, वय, पालकांचा मोबाइल, काही आजार किंवा ॲलर्जी, बस. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती मागितली आहे, म्हणून संमतीची खूण वेगळी ठेवा आणि नको ती माहिती गोळाच करू नका. गूगल फॉर्ममध्ये फाइल अपलोड टाकलं की भरणाऱ्याला गूगल लॉगिन करावं लागतं, कितीतरी जण तिथेच सोडून देतात.

मोबाइलच्या चौकटीत मराठी कीबोर्डवरून ९८ असे आकडे टाइप झाले की फॉर्म "चुकीचा नंबर" म्हणतो, आणि आजीला कळतच नाही काय चुकलं. देवनागरी आकडे आपणच बदलून घ्यायचे, चार ओळींचं काम आहे. नावातही मराठी अक्षरं चालली पाहिजेत. आणि यादी सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्त्याची फाइल) म्हणून काढून थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांची चित्रविचित्र चिन्हं होतात, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडलं की नावं नीट दिसतात.

जागा ४०, पैसे ४३ जणांचे

शेवटच्या तीन जागा असताना सहा जण एकाच वेळी फॉर्म भरत असतात. जागा पैसे आल्यावर मोजल्या तर सहाही जण पैसे भरून बसतात. पे दाबलं की जागा १५ मिनिटं राखून ठेवा, पैसे नाही आले तर सोडा. त्यानंतर उशिरा पैसे आलेच तर प्रतीक्षा यादी किंवा परतावा, आणि दोन्हीपैकी काय ते फॉर्मवर आधीच लिहिलेलं असू दे. पावसाळ्यातल्या ट्रेकला बसच्या सीटा ठरलेल्या असतात, तिथे तर हे झालंच पाहिजे.

हिशोबात गेटवेचा वाटा धरत नाहीत

गेटवेचा जाहीर दर बऱ्याच ठिकाणी २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. २८०० वर ५६ रुपये, अधिक १०.०८, हातात २७३३.९२. चाळीस मुलांचे मिळून २६४३ रुपये, म्हणजे जवळपास एका मुलाची फी. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, जानेवारी २०२० पासून शून्य आहे, पण गेटवे आपलं प्लॅटफॉर्मचं शुल्क लावू शकतो, म्हणून करार करताना यूपीआयवर किती घेणार हे स्पष्ट विचारा. आणि पैसे परत केले तरी हे शुल्क बहुतेक वेळा आपल्याला परत मिळत नाही.

पैसे खात्यात दोन-तीन कामाच्या दिवसांनी एकरकमी येतात, शुल्क वजा होऊन. वहीत एकेका मुलाचे २८०० आणि बँकेत भलताच आकडा, ताई पहिल्यांदा घाबरलीच होती. कोणाचे किती आले आणि शुल्क किती कापलं हे दाखवणारा गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट दर आठवड्याला उतरवून ठेवा. घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा, २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा कोणते पैसे धंद्याचे हे दाखवता येणं किती गरजेचं आहे ते कळलं. सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर पावतीवर जीएसटी लावू नका.

जाहिरात आधी, केवायसी नंतर

सोमवारी नोंदणी उघडणार अशी पोस्ट टाकायची आणि शनिवारी गेटवेला अर्ज करायचा, असं करू नका. पॅन, बँक खातं, धंद्याचा पुरावा लागतो, शिवाय साइटवर संपर्क, अटी, गोपनीयता आणि परताव्याचं धोरण ही पानं नसतील तर अर्ज अडकतो. तीन आठवडे हाताशी ठेवा. परताव्याचं धोरण दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका, आपलं आपण ठरवा, ताईचं आहे की सात दिवस आधी कळवलं तर पूर्ण, नंतर निम्मे. पेमेंटच्या वेळी दिसणारं नावही शिबिराचंच ठेवा, अनोळखी नाव दिसलं की लोक पिन टाकायला घाबरतात, आणि ते बरोबरच आहे.

सगळं झालं की लाइव्हवर स्वतःच्या फोनवरून १ रुपयाची खरी नोंदणी करा. एकदा नीट, एकदा पैसे गेल्यावर लगेच ब्राउझर बंद करून, एकदा पिनच्या आधी मागे फिरून. तिन्ही वेळा तुमच्या यादीत काय दिसतं आणि फोनवर काय मेसेज येतो ते बघा, मगच लिंक ग्रुपवर टाका. आणि जे आजोबा रोख घेऊनच येतात त्यांना परत पाठवू नका, त्यांचा फॉर्म ताई स्वतः भरते, रोख अशी खूण करते, आणि त्यांनाही बाकीच्यांसारखाच नोंदणी क्रमांक त्याच यादीतून मिळतो.