कमी बजेटमध्ये गाडीसाठी कंपोनंट स्पीकर कसे निवडायचे

कंपोनंट सेट म्हणजे वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) वेगळा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा आणि दोघांना आपापला आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर. कोएक्सियलमध्ये, म्हणजे एकाच तुकड्यात येणाऱ्या स्पीकरमध्ये, ट्वीटर वूफरच्या मधोमध असतो, त्यामुळे सगळं दाराच्या खालच्या भागातून, गुडघ्यापाशी वाजतं. कंपोनंटचा खरा फायदा हाच की ट्वीटर वर नेता येतो आणि गायक समोर काचेपाशी उभा आहे असं वाटायला लागतं. ट्वीटर वर बसवायची सोय होणारच नसेल तर सरळ चांगले कोएक्सियल घ्या, उगाच जास्त पैसे घालू नका.

आधी माप घ्या. साडेसहा इंच हा कॉमन साईज, पण नुसत्या गोलाईवर जाऊ नका, खोली बघा. दाराचं पॅड काढून काच पूर्ण खाली करा आणि काचेपर्यंत किती जागा उरते ते मोजा, नाहीतर मागचा मॅग्नेट काचेला घासतो. थोडं कमी पडत असेल तर स्पेसर रिंग लावून भागतं.

मग स्पीकरला पॉवर कुठून देणार ते ठरवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. स्टीरिओवर ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलेलं असतं पण पॉवर वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प नसेल तर प्रत्यक्षात चॅनलला साधारण १५ ते २० वॅट आरएमएसच (म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर) मिळतात. इतक्या पॉवरवर चालवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो) बघा, ९० डीबी किंवा वर असेल तर उत्तम. ३ डीबीचा फरक छोटा वाटतो पण तेवढाच आवाज काढायला ८७ डीबीच्या स्पीकरला ९० वाल्याच्या दुप्पट पॉवर लागते! इथे एक गोम आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर मोजतात आणि काही २.८३ व्होल्टवर, आणि ४ ओमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, म्हणून आकडा ३ डीबीने फुगलेला दिसतो. तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत आहे ना ते वाचा.

खोक्यावरचा ३०० वॅट मॅक्स हा आकडा सोडून द्या. आरएमएस बघा, तोसुद्धा अ‍ॅम्पशी जुळवायला. इम्पिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ४ ओम असेल तर बहुतेक स्टीरिओला चालतो, २ ओम घ्यायचा असेल तर स्टीरिओ किंवा अ‍ॅम्प तेवढा लोड घेतो का ते आधी विचारा.

स्वस्त सेटमध्ये काटछाट क्रॉसओव्हरवर होते. ट्वीटरच्या वायरवर एकच कपॅसिटर म्हणजे ६ डीबी पर ऑक्टेव्ह, नको तो आवाज हळूहळूच कमी होतो, त्यातून खालचा आवाज बराच आत शिरतो आणि मोठ्या आवाजात ट्वीटर ओरडतो. वेगळ्या डबीतला १२ डीबीवाला मिळत असेल तर मी तोच घेईन, वूफरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) थोडा साधा असला तरी.

ऐकून घ्या. सोबत तोंडपाठ असलेलं गाणं न्या, आवाजाची लेव्हल दोन्ही सेटना सारखी ठेवायला सांगा कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. सिल्क डोम ट्वीटर बहुतेकदा मऊ वाजतो, मेटलवाला चमकदार, पण गाण्यातल्या ‘स’ अक्षरावर कान टोचत नाहीत ना ते बघा, लांबच्या प्रवासात तेच नको होतं.

आणि सगळे पैसे स्पीकरवर संपवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. दाराच्या पत्र्यात मोठी भोकं असतात, त्यातून कोनच्या मागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो, बेस जातो कुठे ते कळतच नाही. भोकं बंद करून पत्र्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी शीट) लावली की मध्यम सेटसुद्धा महागड्यासारखा वाजतो. मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या, ते पैसे पुढच्या दारात घाला.

बसवल्यावर दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरींना क्षणभर लावून बघा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही बाजूंना तसंच व्हायला हवं, एक बाजू उलटी असेल तर बेस गायब होतो. स्टीरिओमध्ये हाय पास (खालचा जाड आवाज अडवणारी सेटिंग) ८० हर्ट्झला ठेवा. क्रॉसओव्हरवर ट्वीटरची लेव्हल असेल तर ० वरून सुरू करा, टोचलं तर मायनस ३.