काळ्या कुत्र्याचा क्लोजअप काढायचाय? आधी त्याचे डोळे शोधा

आमचा बुक्का गावठी, नखशिखांत काळाकुळकुळीत, आता 11 वर्षांचा झालाय आणि हनुवटी पांढरी व्हायला लागलीये. त्याचे लहानपणीचे फोटो बघितले की जीव हळहळतो, कारण सगळ्यात नुसता काळा गोळा, डोळे कुठे नाक कुठे काही कळत नाही. तेव्हा मी उभ्या उभ्या वरून काढायचे, तेही रात्री ट्यूबलाइटखाली. आता जे जमायला लागलंय ते सांगते, घरी म्हातारं होत चाललेलं कुत्रं असेल तर आजच करून बघा.

सगळ्यात आधी उजेड. सकाळची खिडकी बेस्ट, पण थेट ऊन आत येणारी नको. घरातले दिवे बंद करा आणि त्याचं तोंड खिडकीकडे जरा तिरकं येईल असं बसवा. आता डोळ्यात नीट बघा, बुबुळावर खिडकीचा छोटासा पांढरा चौकोन दिसतो. तो दिसेपर्यंत फोटो काढूच नका, काळ्या कुत्र्याच्या चेहऱ्यात जीव येतो तो त्या चौकोनानेच. फ्लॅश अजिबात नको. कुत्र्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो, अंधारात दिसावं म्हणून, त्याच्यावरून फ्लॅश उलटा येतो आणि डोळे हिरवे-पिवळे चमकतात.

मग खाली या, म्हणजे खरंच फरशीवर पालथं पडा, कोपरं टेकवा, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला. फोन असेल तर नाकापाशी नेऊ नका, नाक बटाट्याएवढं आणि कान चिमुकले येतात. दोन पावलं मागे सरकून 2एक्स किंवा 3एक्स झूम वापरा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मी बंदच ठेवते, तो मिशा आणि कानावरचे केस कापून टाकतो, त्यापेक्षा कुत्र्याला भिंतीपासून लांब बसवलं की मागचं आपोआप धूसर होतं. डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग उजेडाचा स्लायडर. काळ्या रंगाने फ्रेम भरली की फोन त्याला राखाडी करायला बघतो, तेव्हा थोडा खाली ओढायचा. मागे पांढरी भिंत किंवा आकाश असेल तर उलट, वर न्यायचा, नाहीतर पुन्हा काळा गोळा.

कॅमेरावाल्यांनो, एफ 1.8 चा, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडायचा मोह आवरा. लांब तोंडाच्या कुत्र्याचे डोळे शार्प आले तरी नाक पार धूसर होतं, एफ 4 ते 5.6 ठेवा. शटर निदान 1/250 सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, थोडे दाणे आलेले चालतात पण हललेला डोळा नाही चालत.

आता त्याने बघायचं कसं? नावाने हाका मारू नका, तो उठून तुमच्याकडेच येईल. आमच्याकडे पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं की बुक्काचे दोन्ही कान ताठ, आणि "कोण आलं?" म्हटलं की मान एका बाजूला कलते, तेवढ्यात बर्स्ट (एका दमात भराभर अनेक फोटो) दाबायचा. पण हे दोन-तीनदाच चालतं, मग त्याला कळतं की कोणी आलेलं नाही. म्हणून दर वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्याच, त्याला फसवू नका. लाळ सुटली तर मऊ कपड्याने पुसा, डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिपडंही आधी ओल्या कापसाने काढा, क्लोजअपमध्ये तेच पहिलं दिसतं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लेन्स म्हणजे त्याच्यासाठी एक मोठा टक लावून बघणारा डोळा, काही कुत्र्यांना त्याची खरंच भीती वाटते. सारखं ओठ चाटणं, उगाच जांभया, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, असं झालं की फोन खाली ठेवा आणि त्याला उठून जाऊ द्या. मी पाच मिनिटांच्या वर कधीच घेत नाही.

बुक्काचे सगळ्यात चांगले फोटो दुपारची झोप झाल्यावर येतात, गोधडीवर नुकताच जागा झालेला, एक कान अजून दुमडलेला, खिडकीच्या उजेडात हनुवटीचा एकेक पांढरा केस वेगळा दिसतो.