वेबसाइटची पानं विकी खुणांत साठवावीत की एचटीएमएलमध्ये?

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानाची वेबसाइट घ्या. मजकूर बदलणारा माणूस गल्ल्यावरचाच. तो विकी खुणा (ठळक अक्षरासाठी शब्दाभोवती तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं, अशा) पाठ करत बसणार नाही, त्याला बटण दाबून अक्षर ठळक करता आलं पाहिजे. इथे सरळ एचटीएमएल, म्हणजे ब्राउझर ज्यातून पान दाखवतो ती भाषा, साठवा.

असा बटणांचा, म्हणजे व्हिज्युअल एडिटर ब्राउझरमध्ये एचटीएमएलवरच चालतो. साठवण विकी खुणांत असेल, तर पान उघडताना एक रूपांतर आणि सेव्ह करताना उलटं रूपांतर. घोळ होतो तो उलट्यात. एकच तक्ता विकीत चार तऱ्हांनी लिहिता येतो. प्रोग्राम स्वतःची तऱ्हा वापरतो आणि हात न लावलेल्या ओळीही बदलतात. टॉवेलचा एक भाव बदलला, तरी बदलांच्या इतिहासात अख्खं पान बदललेलं दिसतं. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीतलं पार्सॉइड हे रूपांतराचं यंत्र न बदललेला भाग मूळ मजकुरातून जसाच्या तसा उचलतं, म्हणून तिथे निभावतं. असं यंत्र स्वतः लिहायच्या फंदात पडू नका.

कुठलाही एडिटर घेण्याआधी तक्ते आणि चित्रं असलेलं पान उघडा, काहीही न बदलता सेव्ह करा आणि आधीचा-नंतरचा मजकूर ताडून पाहा. फरक आला तर तो एडिटर नको.

सिद्धेश्वर यात्रेवर किंवा इथल्या गिरण्यांवर दहाजण मिळून कोश लिहिणार असतील, तर मात्र विकी बरा. मीडियाविकी 1.35 पासून व्हिज्युअल एडिटर सोबतच येतो. फक्त अभंग टाकताना दंडाऐवजी (।) कीबोर्डवरची उभी रेघ नको: तक्त्याच्या खणात तिच्या आधीचे शब्द गायब होतात. ओळीच्या सुरुवातीला जागा सुटली, तर ओळ चौकटीत जाते.

एचटीएमएल घेतलंत तर नको तो कोड काढणारी गाळणी सर्व्हरवर लावा. ब्राउझरमधली कुणीही चुकवू शकतो. परिच्छेद, दोन पातळ्यांची शीर्षकं, ठळक, तिरपं, यादी, तक्ता, दुवा, चित्र एवढंच आत येऊ द्या. वर्डमधून चिकटवलेली स्टाइल, स्क्रिप्ट, ऑनक्लिक (क्लिक केल्यावर कोड चालवणारी सूचना) आणि 'जावास्क्रिप्ट:'ने सुरू होणारे दुवे बाहेर. पण अदृश्य अक्षरं सरसकट काढणारी गाळणी मराठीचा घात करते. जुन्या पद्धतीनं टाइप केलेल्या 'आचाऱ्यांना'मधला शून्य-रुंदीचा जोडक (यू+200डी) गेला, की स्वयंपाक्यांचे 'आचार्यांना' होतात. छापखान्यातून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातला मजकूर आला, तर आधी युनिकोड करून घ्या.

भाव आणि मापं या मजकुरात कोंबू नका. त्यांना डेटाबेसमध्ये वेगळे रकाने द्या, म्हणजे दर वाढला की पन्नास पानं उघडावी लागणार नाहीत.