कराटेचा बेल्ट घेताना या चुका टाळा

दर्यापूर तालुक्यातील एका गावी, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात मी गेली सतरा वर्षे संध्याकाळी कराटेचा वर्ग घेतो. जूनअखेर शाळा उघडली की पंधरा-वीस नवी मुले येतात आणि आठवडाभरात त्यांच्या कमरेला त्याच त्या चुका गुंडाळलेल्या दिसू लागतात. बेल्ट म्हणजे शे-दोनशे रुपयांची पट्टी, तिच्यात चुकण्यासारखे काय आहे, असे पालकांना वाटते. त्यांना दोष देता येत नाही, कारण आमच्याकडील मागची पिढी आखाड्यातली आहे आणि आखाड्यात लंगोटाच्या रंगावरून कोणी पैलवानाची पायरी ओळखत नाही.

सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक म्हणजे वाढत्या अंगाचा बेल्ट. “पोरगं वाढतेच हो सर, म्हणून मोठाच घेतला,” हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. शाळेचा गणवेश, चप्पल, स्वेटर सगळेच आमच्याकडे वाढत्या अंगाचे घेतले जाते. कापूस घरातून बाहेर पडल्याशिवाय हातात पैसा येत नाही, त्यामुळे एकदाच घ्यावे आणि तीन वर्षे पुरवावे, हा हिशेब मला समजतो. परंतु शर्टाची लांब बाही दुमडता येते, बेल्टची जादा लांबी मात्र लोंबत राहते.

काही वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या एका मुलासाठी त्याच्या वडिलांनी अकोल्याहून चार नंबरचा, म्हणजे २८० सेंटिमीटरचा बेल्ट आणला, कारण दुकानदाराने “चार नंबर सगळ्यांनाच होतो” असे सांगितले होते. मुलाची कंबर कराटेच्या ड्रेसवरून ५८ सेंटिमीटर. दोन वेढ्यांत ११६ गेले, गाठीत साधारण २४ गेले आणि उरलेले १४० दोन्ही बाजूंना सत्तर-सत्तर असे लोंबू लागले, म्हणजे टोके थेट नडगीवर. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी ते पाहिले आणि एका दिवसाने काय बिघडते, असे म्हणून सोडून दिले. ही चूक माझी. दुसऱ्या दिवशी सगळी मुले रांगेत गुडघे टेकून बसली, नमस्कार झाला, आणि उठताना या मुलाच्या गुडघ्याखाली बेल्टचे टोक अडकले. गाठ ओढली जाऊन मांडीपर्यंत सरकली आणि तो दोन्ही हातांवर पडला. त्याला लागले नाही, पण सगळे हसले. पुढे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना प्रत्येक वळणाला तीच टोके त्याच्या हातांवर आपटत होती आणि त्याचे लक्ष पायांऐवजी बेल्टकडे होते.

गोष्ट तिथे संपली असती तर बरे झाले असते. त्या रात्री आईने कात्रीने दोन्ही टोके सारखी कापली. दोन दिवसांत, बोंड फुटून कापूस बाहेर यावा तसा आतला सुती गाभा टोकांतून बाहेर आला. मग वडिलांनी नायलॉनच्या दोरीचे टोक पेटवून बंद करतात तशी आगपेटी लावली. नायलॉन वितळून बंद होते, सूत मात्र जळते. आठवड्यात बेल्ट लोंबला, कापला गेला, जळाला आणि शेवटी दुसरा घ्यावाच लागला.

माप घेण्याची माझी पद्धत साधी आहे. मुलाला ड्रेस घालायला लावावा, बेंबीच्या खाली जिथे गाठ येते तिथे शिंप्याचा टेप किंवा सुतळी फिरवावी, आलेल्या मापाची दुप्पट करावी आणि लहान मुलांसाठी त्यात ८०, मोठ्यांसाठी ९० ते १०० सेंटिमीटर मिळवावेत. वर सांगितलेल्या मुलाला या हिशेबाने २०० चा बेल्ट पुरला असता. बेल्ट बहुधा वीस-वीस सेंटिमीटरच्या फरकाने मिळतात आणि सुती पट्टी धुतल्यावर थोडी आटते, म्हणून मधले माप आले तर मी वरचे घेतो. दुकानात नंबर सांगू नये, सेंटिमीटर सांगावेत. एका कंपनीचा तीन नंबर दुसऱ्या कंपनीच्या तीन नंबराशी जुळेलच असे नाही. पँटचे माप सांगणे तर पूर्णपणे निरुपयोगी, कारण ते इंचात असते आणि ड्रेसच्या आतले असते.

टोके किती लोंबावीत हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धा-नियमांत गाठीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर पट्टी मोकळी राहील इतका बेल्ट लांब असावा, परंतु तो मांडीच्या तीन-चतुर्थांशाखाली जाऊ नये, असे सांगितले आहे. ज्युदोत गाठीपुढे २० ते ३० सेंटिमीटर टोक अपेक्षित असते. रुंदीबाबत एवढेच की चार ते पाच सेंटिमीटरची पट्टी घ्यावी. त्याहून अरुंद पट्टी पोटात रुतते.

लांब बेल्ट घेऊन झालाच असेल तर तो शिंप्याकडे न्यावा, एकाच टोकाकडून कापून घ्यावा आणि कापलेली कड दुमडून तिच्यावर चार-पाच ओळी शिवण मारून घ्यावी. त्याहून चांगला उपाय मी माझ्यापुरता केला आहे: वर्गात एक लोखंडी पेटी ठेवली आहे, मुले लहान झालेला बेल्ट तिच्यात टाकतात आणि मोठा मिळाला तर घेऊन जातात. “वाढत्या अंगाचा” हा युक्तिवाद या पेटीने जितका कमी झाला, तितका माझ्या भाषणांनी झाला नाही.

दुसरी चूक रंगाची आहे आणि तिच्याबद्दल मला राग अधिक येतो. परीक्षेच्या आधीच पुढच्या रंगाचा बेल्ट घरात आणून ठेवणारी मुले दर वर्षी भेटतात. मोबाइलवर एका बोटाने काळा बेल्ट मागवता येतो, तो चार दिवसांत पोस्टमन घरी आणून देतो, आणि मग सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट देणारा एखादा वर्ग शोधणे एवढेच उरते. तसे वर्ग आहेत, आणि तिथून आलेल्या मुलांना मी पांढऱ्या बेल्टपासून सुरुवात करायला सांगतो तेव्हा अर्धी मुले दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

मी शहाणा म्हणून हे लिहितो असे नाही. एकोणीस वर्षांचा असताना माझ्या परीक्षेच्या महिनाभर आधी मी अमरावतीहून चकचकीत साटिनचा काळा बेल्ट आणला आणि आईच्या ट्रंकेत लपवला. त्या परीक्षेत मी नापास झालो. पुढचे वर्षभर ट्रंक उघडली की तो दिसायचा, म्हणून मी ट्रंकच उघडत नसे. पुढच्या खेपेला उत्तीर्ण झालो आणि तोच बेल्ट बांधला, तर पहिल्याच दिवशी तो तीनदा सुटला. साटिनवर साटिन घसरते, गाठीला पकड राहत नाही. शेवटी एका वरिष्ठांचा विटलेला सुती बेल्ट बांधून मी तो दिवस काढला. साटिनचा बेल्ट फोटोसाठी चांगला दिसतो. रोजच्या सरावासाठी बाहेरूनही सुती आणि आतूनही सुती असाच घ्यावा. त्याच्यावर आठ-दहा समांतर शिवणी असाव्यात आणि मध्ये दुमडला तर तो कागदासारखा मोडू नये. कापूस बोटांत ताणून त्याच्या धाग्याची लांबी सांगणारे शेतकरी आमच्याच गावात आहेत, आणि तेच बेल्ट घेताना मात्र चकाकी पाहून पॉलिस्टर उचलतात.

रंगांबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते: पूर्वी बेल्ट धूत नसत, पांढरा बेल्ट वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि घामाने काळा होई, आणि तोच ब्लॅक बेल्ट. कथा गोड आहे, पण खरी नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली ज्युदोशाळा स्थापन केली आणि त्याच दशकात वरच्या श्रेणीच्या शिष्यांसाठी काळा पट्टा ठरवून दिला. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये ही पद्धत कराटेत आणली. मधले रंग रुजवण्याचे श्रेय बहुधा १९३५ पासून पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांना दिले जाते. युरोपातील शिष्यांना आपली प्रगती लवकर डोळ्यांना दिसावी असे वाटे, असे त्याचे कारण सांगतात. म्हणजे नवशिक्यांची घाई काही दर्यापुरातच जन्मली नाही. बाकी धुळीनेच काळा बेल्ट मिळत असता, तर आमच्या काळ्या मातीत एका पावसाळ्यात सगळा गाव ब्लॅक बेल्ट झाला असता.

रंगांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, म्हणून शेजारच्या गावातील भाच्याला विचारून बेल्ट घेऊ नये, आपल्या सरांनाच विचारावे. ज्युदोत लाल पट्टा नवव्या-दहाव्या दानचा (दान म्हणजे काळ्या पट्ट्यापासून वरच्या पायऱ्या), तायक्वांदोत लाल काळ्याच्या अलीकडचा, आणि कराटेच्या स्पर्धेत लाल व निळा म्हणजे केवळ दोन स्पर्धकांच्या बाजू. स्पर्धेसाठीच्या या लाल-निळ्या बेल्टवर धाग्याने नाव भरून घेऊ नये, नियमाला ते चालत नाही. काळ्या बेल्टवर भरून घ्यायचेच असेल तर जपानी अक्षरे जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

नवा बेल्ट ताठ असतो म्हणून काही जण तो उकळत्या पाण्यात घालतात. तसे केल्यास तो आटतो आणि रंगही सुटतो. मी नवा बेल्ट रोज संध्याकाळी बांधतो आणि सोडतो, पन्नास वेळा. आठवड्यात तो नरम होतो. पन्नास वेळा करायचा कंटाळा येत असेल त्याने काता तरी कशा कराव्यात, हा प्रश्न मी मुलांना विचारतो आणि उत्तर मिळत नाही.

राहिली धुण्याची गोष्ट. बेल्ट धुतला की मेहनत धुऊन जाते, असे मानून तीन-तीन वर्षे बेल्ट न धुणारे माझ्या ओळखीत आहेत आणि वर्गात त्यांच्या शेजारी उभे राहायला कोणी तयार नसते. आमचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेला भाग, असल्याने विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि वाळलेल्या बेल्टवर पांढरे डाग राहतात, म्हणून मी नळाच्या थंड पाण्यात, थोड्या साबणाने बेल्ट हाताने धुतो आणि सावलीत टांगतो. बेल्ट बादलीत एकटाच भिजवावा. एका वर्षी एका घरातील तीन भावंडांचे ड्रेस एका लाल बेल्टसोबत रात्रभर भिजले, आणि त्या वर्षीची आमची पहिली रांग गुलाबी होती.