माळवं अंगावर आलं की: हिवाळ्यातल्या भाजीचं वाळवण कसं करावं

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या झाली की लातूर-धाराशिवकडच्या वावरात माळवं, म्हणजे ताजी भाजी, एकदम अंगावर येतं. विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांतले टोमॅटो एकाच आठवड्यात पिकतात, गवार दिवसाआड तोडावी लागते. बाजारात न्यावं तर कधीकधी टेम्पोचं भाडंही निघत नाही.

तोडणीच्या दिवशीच वाटणी करा. डागी, किडका माल आजच्या कोरड्यासात, म्हणजे भाकरीबरोबरच्या कालवणात. मऊ पडलेला आजच शेजारी, पाहुण्यांत. वाळवणाला मात्र घट्ट, चांगला माल ठेवायचा. आपल्याकडं नेमकं उलटं होतं: खाऊन, वाटून, विकून जे उरलं ते वाळत पडतं, आणि मग वाळवणाला वास येतो म्हणून बोंब.

टोमॅटोच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या करा, वरून थोडं मीठ भुरभुरा. उघड्या पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या ताटात नको, आंबटपणा धातूला लागतो. बाजेवर धुतलेलं सुती धोतर पसरा, चकत्या एकमेकींना चिकटू न देता मांडा, वर पातळ कापड टाका. दिवस मावळायच्या आत घरात घ्या, नाहीतर दिवसभर वाळलेलं रात्रीच्या दवानं पुन्हा ओलं होतं. कडक उन्हात तीन-चार दिवस लागतात. दहा किलोंचे जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम उरतात, बाकी सगळं पाणीच.

चकती दुमडली की चिकटता कामा नये. तरी लगेच भरून ठेवू नका. काचेच्या बरणीत पाऊण भाग भरा, आठवडाभर रोज हलवा. आतून काचेला दमट धरलं तर परत उन्हात. एका फेब्रुवारीत आभाळ आलं म्हणून मी घाईनं डबा बंद केला. पंधरा दिवसांनी उघडला तर वर पांढरी बुरशी. सगळं उकिरड्यावर गेलं. अर्धवट वाळलेले टोमॅटो तेलात बुडवून बाहेर ठेवायचा प्रकारही करू नका, त्यात विषबाधेचा धोका असतो.

गवार कोवळी घ्या, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग उन्हात. मेथी सावलीत वाळवा, हिरवी राहते.

माझ्या मते खरा ऐवज हरभऱ्याची भाजी. फुलं लागायच्या आत कोवळे शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की झाडाला फुटवेही जास्त येतात. सकाळी दवात खुडायला गेलात तर हाताला आंब, म्हणजे पानांवरचा आंबट ओलावा, लागते, बोटं चाटली की दात आंबतात. तीच चव. म्हणून ही भाजी धूत नाहीत, आणि म्हणूनच फवारणी झालेल्या वावरातली खुडूच नका. थोडी घोळाण्याला, म्हणजे कच्च्या कोशिंबिरीला काढा: कच्चा कांदा, मीठ, तिखट, तेल. बाकीची चादरीवर पसरून सावलीत वाळवा. हातात चुरली की कोरड्या डब्यात, झाकण घट्ट.

मृगात बाजारची भाजी महागते तेव्हा दोन मुठी काढा. लसणाच्या फोडणीत पाणी उकळलं की भाजी चुरून टाका, शेंगदाण्याचं कूट घाला, शिजत आली की मूठभर ज्वारीचं पीठ भुरभुरत रवीनं हाटा. मीठ शेवटी, चाखून. आंबटपणा आधीच असतो.