घाटात ट्रक दम तोडतोय? हेड उतरवण्याआधी एवढं तपासा

खंबाटकीचा चढ लागला की गाडी लोड घेत नाही, ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी पिकअप नाही. गॅरेजमध्ये नेली की पहिला सल्ला ठरलेला असतो: डिझेलचा पंप उतरवा, डिझेल फवारणारे नोजल बदला. तसं करू नका. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. आत घेतलेली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे हवा, डिझेल आणि दाब हे तिघंच संशयित. त्यातले पहिले दोन कमी खर्चात तपासता येतात, म्हणून सुरुवात तिथून.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांखाली ठोकळे लावा. केबिन उचलली तर तिचं लॉक बसल्याशिवाय खाली डोकावू नका.

आता धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त पडतंय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. सोबत कूलंटही कमी होत असेल तर ते सिलिंडरमध्ये जात असावं. निळसर धूर ऑइल जळल्याचा. मात्र १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी डीपीएफमध्येच, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधल्या फिल्टरमध्येच, अडते, तिथे धुरावर विसंबू नका. आधी स्कॅनर लावून कोड वाचा.

काळ्या धुरासाठी एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झालाय का पाहा. मग टर्बोपर्यंतचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंतचा, रबरी होज. आमच्याकडे एक दहाचाकी गाडी नोजल बदलून आली होती, तरी तक्रार तीच. बंद इंजिनावर होज ठणठणीत दिसायचा. रेस केली की त्याचा आतला थर सुटून वाट बंद व्हायची. म्हणून होज कायम रेस देऊनच पाहा. टर्बोपुढच्या इंटरकूलरच्या (कोंबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांवर तेलकट काळा ओघळ दिसला, तर तिथून हवा निसटतेय.

सकाळी बराच वेळ सेल मारावा लागत असेल, तर डिझेलच्या लाइनमध्ये एअर येत असण्याची शक्यता दाट. इथेच भलेभले फसतात, कारण थेंबभरही डिझेल गळताना दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन डिझेल ओढत असते, त्यामुळे तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते. इंजिन बंद झालं की डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी लाइन रिकामी.

वॉटर सेपरेटरचं पाणी आधी काढून टाका. मग फीड पंपाच्या आधी डिझेल सोसणारा पारदर्शक पाइपचा तुकडा क्लॅम्प लावून जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले की एकेक जोड तपासत टाकीकडे जा: बँजो बोल्टचे (डिझेल आतून जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, फिल्टरचं रबर, टाकीतला ओढणारा पाइप. जुने वॉशर परत बसवू नका. दोन-चार रुपये वाचवून पुन्हा तेच काम निघतं.

जोड दुरुस्त झाला की एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड पंप मारा. फेस थांबून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात मंद चालीवर नोजलच्या पाइपचा एकेक नट जरासा सैल करून आवाज ऐकतात. ज्या सिलिंडरला चाल बदलत नाही, तोच काम करत नाही. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, हे चुकूनही करू नका. तिथे दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असू शकतो. सुईएवढी धार कातडीतून आत जाते. जखम टोचल्याएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, पण तासाभराचाही उशीर न करता शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठावं लागतं. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून शोधा. सिलिंडरची चाचणी स्कॅनरवरच करा.

हे सगळं ठीक निघालं तर उरतो दाब. मंद चालीवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. भकाभका वाफ येत असेल तर रिंगा किंवा लायनर झिजले असावेत. थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून चालू केल्यावर आत सतत बुडबुडे येत असतील, तर संशय हेड गॅस्केटवर. कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडर मोजून घ्या, आकडे कागदावर लिहा आणि मगच हेड उतरवायला सांगा.